डाव्या खुंट्या

बिबवेवाडी, पुणे
शनिवार, ११ जानेवारी २०२५

चि. इंद्यास,

अनेक आशीर्वाद. पत्राची सुरुवात अशी करायची असते म्हणून केली. समोर असतास तर आधी पाठीत धपाटा घातला असता आणि आशीर्वाद सवडीने दिला असता.

आम्ही सगळे ठीक. आईचा गुडघा आहे तसाच आहे. डॉक्टर बदलला, गुडघा तोच. दुकान बरं चाललंय. बँकेतली नोकरी सोडून मी गल्ल्यावर बसायला लागले तेव्हा अर्धी बिबवेवाडी 'बाई बिजागऱ्या विकतेय' हे बघायला येऊन गेली. आता तीच माणसं बिजागऱ्या घ्यायला येतात आणि भावात घासाघीस करतात. तू आईला शाल पाठवलीस त्या पार्सलवरून तुझा शिलाँगचा पत्ता उतरवून घेतला. शाल तिने अजून अंगावर घेतलेली नाही. पुण्यात थंडी कुठे पडते म्हणते, आणि दुपारी कपाट उघडून बघून घेते.

फोनवर तू मला ब्लॉक केलंस. सव्वा वर्षापूर्वीच्या लक्ष्मीपूजनाच्या त्या दिवसाबद्दल मी इथे काही लिहिणार नाहीये, घाबरू नकोस. कागद ब्लॉक करता येत नाही, फार तर फाडता येतो. फाडायचा असेल तर पूर्ण वाचून फाड. मला जे सांगायचंय त्याने माझं डोकं परवापासून ठिकाणावर नाही.

अण्णा तुझ्यासाठी बेस गिटार बनवून घेतायत.

पुन्हा वाच हवं तर. आपले अण्णा. 'ते तुणतुणं बंद कर' याशिवाय ज्यांनी तुझ्या वाजवण्यावर कधी एक शब्द काढला नाही ते. विकत नाही घेत, बनवून घेतायत. लाकडापासून स्क्रूपर्यंत एकेक वस्तू स्वतः निवडून.

झालं असं. दसऱ्यापासून अण्णा गुरुवारी, म्हणजे दुकान बंद असतं त्या दिवशी, जेवण झालं की इस्त्रीचा शर्ट चढवून स्कूटर काढायचे. कुठे निघालात विचारलं की 'काम हाय'. आई म्हणाली, दुखणं असेल काही, आपल्याला सांगत नसतील. मी त्यांच्या खिशांत चिठ्ठ्या शोधल्या, औषधं शोधली. सापडलं काय, तर लाकडाचा भुसा. मग मागच्या आठवड्यात दुकानात अण्णांच्या नावाचं पार्सल आलं. मी नेहमीच्या मालासारखं फोडलं. आत चार निकेलच्या वस्तू. पुढे जाड दांडा, मागे दाते असलेलं चाक आणि बाजूला पसरट कान. मला वाटलं खिडकीचं नवीन हँडल आलंय बाजारात. भाव काय लावायचा म्हणून अण्णांना विचारलं, तर त्यांनी ते माझ्या हातातून काढूनच घेतलं. "विकायचं न्हाई ते," म्हणाले.

जन्मात या माणसाने दुकानात आलेल्या वस्तूला 'विकायचं नाही' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. त्यांनी चारही वस्तू काउंटरवर ओळीने मांडल्या, फिरवून बघितल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. "उजव्या धाडल्यात," म्हणाले. "मी डाव्या सांगितल्या हुत्या." तुला माहीतच आहे, आपल्या धंद्यात दाराचं कुलूप मागणाऱ्याला पहिला प्रश्न काय विचारायचा, तर दार डावं की उजवं. मी म्हटलं, हे कुठल्या दाराचं आहे ते तरी सांगा. त्यांनी चारही वस्तू परत खोक्यात भरल्या. दुकान बंद करताना शटर अर्ध्यावर आणून म्हणाले, "गुरुवारी चल माझ्यासंगं. तुला इंग्रजी येतं."

परवा गेले. कसबा पेठेत, तांबट आळीच्या मागच्या अंगाला एका इमारतीत पहिल्या मजल्यावर वर्कशॉप आहे. स्कूटर लांब लावून चालत जावं लागतं. दारावर पाटी: 'गिटार दुरुस्त करून मिळेल. वाजवणारा दुरुस्त करून मिळणार नाही.' आत प्रज्ञेश नावाचा मुलगा, तुझ्याच वयाचा, हिंजवडीतली नोकरी सोडून लाकूड तासत बसलाय. अण्णा त्याला 'अहो प्रज्ञेश' म्हणतात. तुझ्या वयाच्या मुलाला अहो! मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

आणि तिथे अण्णा घरच्यासारखे वावरतात रे. कुठला पाना कुठे टांगलेला असतो ते त्यांना माहीत. प्रज्ञेशने सुरुवातीला परदेशी लाकडांची नावं सांगितली होती. अण्णांनी विचारलं होतं, सतारी कशाच्या करतात? तुणाच्या लाकडाच्या, म्हटल्यावर म्हणाले मग तुणच घ्या, सतार काय हलकी वस्तू हाय का. मानेच्या आत लोखंडी सळई असते हे तुला माहीत असेल, मला परवा कळलं. तारांच्या ताणाने लाकूड वाकतं, मग आतली सळई पिळून मान सरळ करायची म्हणे. अण्णांनी विचारलं, लई पिळली तर? प्रज्ञेश म्हणाला, तर मान जाते, काका. त्यानंतर अण्णा त्या मानेवर अंगठा फिरवत राहिले. मला वाटलं, सळईच्या जाडीचा हिशेब करतायत.

माझं काम कॅटलॉग वाचायचं. तारा अडकतात तो ब्रिज, तारा पिळायच्या खुंट्या (पार्सलमधल्या त्या चार वस्तू याच), पट्ट्याची बटणं, आवाजाच्या मुठी, सगळ्यांची माहिती इंग्रजीत. इतके दिवस अण्णा नुसती चित्रं बघून बोट ठेवत होते, त्या मुलाला प्रत्येक ओळ वाचायला सांगायची लाज वाटायची म्हणून. आपल्या दुकानातली ड्रॉवरची पितळी मूठ आवाजाला बसते का तेही विचारून झालं होतं. प्रज्ञेश काळ्या रंगाच्या हार्डवेअरच्या बाजूने होता. "काका, ब्लॅक एकदम प्रीमियम दिसतं, आजकाल सगळे तेच घेतात." अण्णांनी नखाने खरवडून बघितलं. म्हणाले, वरनं रंग हाय, घामानं उडंल. प्रज्ञेश म्हणाला, इतका कुणाला घाम येतो?

"त्याच्या हाताला येतो," अण्णा म्हणाले. "ल्हानपणी खिळं मोजून पुडी बांधायचा, तर दुसऱ्या दिवशी पुडीतल्या खिळ्यांना तांबारा. शिलाँगला पाऊस बी लई हाय म्हणं."

मी कॅटलॉगमध्ये डोकं घातलं. तुझ्या हाताला घाम येतो हे मी विसरले होते. आईसुद्धा विसरली असेल. आणि शिलाँगच्या पावसाची चौकशी यांनी कुणाकडे केली असेल, सांग मला. तुझं नाव घरात निघालं की हा माणूस टीव्हीचा आवाज वाढवतो. शेवटी सगळं निकेल आणि स्टेनलेसचं ठरलं, मानेवरच्या पट्ट्यासुद्धा.

मग प्रज्ञेशने मांडणीवरून बेसचं धड खाली काढलं. तासून, घासून तयार, रंग बाकी. मी ते तुझ्यासारखं मांडीवर धरून बघायला गेले आणि काहीतरी चुकल्यासारखं झालं. बेसला दोन शिंगं असतात ना, एक लांब, एक आखूड. लांब शिंग वरच्या अंगाला येतं. हो, मी तुझे व्हिडिओ बघते, दुसऱ्या अकाउंटवरून. कर तेही ब्लॉक. माझ्या मांडीवर लांब शिंग खाली आलं होतं. मी म्हटलं, हे उलटं झालंय.

प्रज्ञेश म्हणाला, "उलटं नाही ताई, लेफ्टी आहे." आणि अण्णा म्हणाले, "आपलं पोरगं डावखुरं हाय."

इंद्या, मी ते धड हळूच टेबलावर ठेवलं. डावखुरं हा शब्द मी अण्णांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. आत्तापर्यंत घरात एकच शब्द होता, उलट्या हाताचा. आणि दुसरं म्हणजे, तू उजव्या हाताने वाजवतोस. हे मला माहीत आहे, आईला माहीत आहे, तुझे व्हिडिओ बघणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. फक्त अण्णांना माहीत नाही. कसं असेल? त्यांनी तुला वाजवताना कधी बघितलंच नाही. ते खोलीत आले की तू बेस बाजूला ठेवायचास. सगळं धड कापून झालंय, मान डावी, खाचा डाव्या, म्हणूनच त्या खुंट्या डाव्या हव्या होत्या.

मी तिथल्या तिथे सांगणार होते. जिना उतरताना तोंड उघडलं, पण अण्णाच बोलायला लागले. पुढे बघून, जणू माझ्याशी नाहीच, असं बोलत होते. म्हणाले, "इतकी वर्सं मी त्याला बडवला, त्याचा हात बांधला. न्हाई बदलला. त्यानं हरवलं मला. मग आता त्याच्या हाताचंच देऊ." आणि असे हसले की मला सांगवेना. हरल्याचा एवढा आनंद झालेला माणूस मी बघितलेला नाही.

मला तो दिवस आठवतो. तू जुन्या बाजारातून पहिला बेस आणलास आणि पलंगावर बसून धरलास तो डाव्या हाताने. दिसत होतास इतका निवांत. तेवढ्यात जिन्यात अण्णांच्या चपला वाजल्या आणि तू तो फिरवून सरळ केलास. तुला कुणी काही म्हटलं नव्हतं. मी दारात उभी होते, आई आत भाकऱ्या करत होती. पुन्हा तू तो कधी उलटा धरला नाहीस.

आता मी काय करू ते सांग. अण्णांना खरं सांगू, की बेस पुरा होऊ देऊ? तो तुझ्याकडे आला आणि तू परत पाठवलास तर ते पुन्हा हात पुढे करणार नाहीत, एवढं तुलाही कळतं. एक ओळ लिही. शिव्या लिहिल्यास तरी चालतील.

तुझी, ब्लॉक केलेली,
शेफालीताई

*

बिबवेवाडी, पुणे
रविवार, २३ मार्च २०२५

चि. इंद्रजीत,

उत्तर आलं नाही. पोस्टमन आता मला लांबून बघूनच मान हलवतो.

हे पत्र पोस्टाने टाकत नाहीये. बेसच्या पेटीत सगळ्यात वर ठेवलंय. म्हणजे हे वाचतोयस तर पेटी उघडली आहेस. आतल्या वस्तूला हात लावायच्या आधी हे वाचून संपव. मोठ्या बहिणीचं एवढं ऐक.

आई बरी आहे. तिने तिळाच्या वड्या दिल्यात, त्या पेटीच्या छोट्या खणात आहेत, मुंग्या लागायच्या आत खा.

दोन गोष्टी घडल्या. दोन्हींनी मला हादरवलंय आणि कुठली आधी सांगू कळत नाही. घडल्या त्याच क्रमाने सांगते.

डाव्या खुंट्या आल्या. मागच्या महिन्यात त्या बसवायला घेतल्या तेव्हा प्रज्ञेश खाली चहा सांगायला गेला होता. मी खिडकीपाशी बसून फोन बघत होते. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. अण्णांनी बेसची मान मांडीवर घेतली, स्क्रूड्रायव्हर उचलला आणि खुंटीचे स्क्रू पिळायला लागले. बारीक स्क्रू, तुणाचं लाकूड, आणि हात इतका सफाईने चाललेला की मी बघत राहिले. मग माझ्या लक्षात आलं. स्क्रूड्रायव्हर डाव्या हातात होता.

मी जन्मापासून या माणसाला बघतेय. उजव्या हाताने जेवताना, लिहिताना, माप देताना. दुकानात गिऱ्हाइकासमोर कुलूप बसवून दाखवताना त्यांचा हात अडखळतो, स्क्रू घसरतो. आम्ही म्हणायचो, वय झालं. वय नव्हतं रे ते. माझ्या तोंडून नुसतं "अण्णा?" निघालं आणि त्यांनी स्क्रूड्रायव्हर झटकन उजव्या हातात घेतला. तू बेस फिरवलास ना, अगदी तसा.

थोड्या वेळाने म्हणाले, "माझ्या बापानं माझा डावा हात पाठीमागं बांधून शाळंत धाडलं हुतं. मास्तरांनी बी सोडला न्हाई." मी विचारलं, मग आता? म्हणाले, "कुणी बघत नसलं की करतो."

त्यांच्या आयुष्याची चाळीस-पन्नास वर्षं, इंद्या, कुणी बघत नसलं की. आणि हे माहीत असून त्यांनी तुझ्याशी तेच केलं. मला इतका राग आला की मी खाली रस्त्यावर जाऊन उभी राहिले. तांबटांची ठोकाठोक चालली होती आणि माझ्या डोळ्यांसमोर तू होतास, गल्ल्यामागच्या स्टुलावर बसलेला, डाव्या हाताला पिवळं फडकं गुंडाळून वर गाठ मारलेली. डाव्या हाताने सुटे दिलेले गिऱ्हाइकाला चालत नाही म्हणून. लोक विचारायचे, काय लागलं रे बाळा? आणि तू म्हणायचास, बिजागरीत बोट सापडलं. सहा-सात वर्षांचं पोर अण्णांची बाजू सांभाळून खोटं बोलायचं आणि अण्णा शेजारी उभे राहून खिळे मोजायचे.

लक्ष्मीपूजनाबद्दल लिहिणार नाही म्हटलं होतं. आता लिहिते. दुकान माणसांनी भरलेलं आणि तू त्या बिल्डरला घाईत पेढा दिलास तो डाव्या हाताने. अण्णा सगळ्यांदेखत तुझ्या हातावर मारून म्हणाले, उलट्या हाताचं पोर उलटंच निघायचं. तू पेढ्यांचं ताट खाली ठेवलंस आणि सकाळी घरात नव्हतास. मला वाटत होतं की त्यांना त्या बिल्डरसमोर तुझी लाज वाटली. आता वाटतं की त्यांना तुझा हेवा वाटला असेल. इतकं मारूनही तुझा हात अजून चुकतो, आणि त्यांचा चुकायचा बंद झाला. हे मी त्यांना विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही.

आता दुसरी गोष्ट. या महिन्याच्या पहिल्या गुरुवारी बेस जोडून झाला, तारा चढल्या. तारा मानेपासून किती उंच ठेवायच्या एवढंच राहिलं. प्रज्ञेश म्हणाला, काका, हे वाजवणाऱ्यावर असतं, कुणी जोरात ओढतो, कुणी हळू. त्याला मी आधीच गाठून सांगून ठेवलं होतं की माझा भाऊ उजव्या हाताने वाजवतो, पण त्याचं उत्तर येईपर्यंत तोंड उघडायचं नाही. तो बिचारा दोन महिने माझ्यापेक्षा जास्त अस्वस्थ होता. आणि अण्णा म्हणाले, "मग बघू की कसा वाजवतो. तुमच्या फोनात समदं दिसतं न्हवं?"

मी म्हटलं, रेंज नाही. अण्णा म्हणाले, आत्ता तर फोनवर बोलत हुतीस. प्रज्ञेशने माझ्याकडे बघितलं, मी मान खाली घातली. त्याने व्हिडिओ लावला. तुझा तो चर्चच्या आवारातला, मागे लाल पत्र्याचं छप्पर आहे तो.

अण्णांनी चष्मा वर केला, फोन जवळ घेतला. आधी नुसते तुझ्या तोंडाकडे बघत असावेत, कारण "वाळलाय" म्हणाले. मग त्यांची नजर खाली आली. मी त्यांचं बोट हवेत हलताना बघितलं, डावा, उजवा, डावा, दाराचं कुलूप ठरवताना करतात तसं. गाणं संपलं. त्यांनी प्रज्ञेशला ते पुन्हा लावायला सांगितलं आणि पुन्हा पूर्ण बघितलं. मग फोन परत दिला आणि माझ्याकडे वळून म्हणाले,

"म्हंजे जिंकलो की गं मी."

एवढंच. त्यांचा आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी वगैरे आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं. टेबलावर एक स्क्रू पडला होता, तो उचलून त्यांनी डबीत टाकला, डबीला झाकण लावलं. मला हुंदका फुटला आणि प्रज्ञेश उगाच फरशी झाडायला लागला.

नंतर तोच म्हणाला, काका, काळजी करू नका, हा मी दुसऱ्या लेफ्टी प्लेअरला देतो, मिळत नाहीत त्यांना बिचाऱ्यांना, आणि तुमच्यासाठी उजवा बनवू. मला ते पटलं. मी हो म्हणणारच होते. अण्णा म्हणाले, "न्हाई. हाच धाडायचा. वाजवू नको म्हणावं. पर मी काय द्यायला निघालो हुतो ते त्येला कळू दे."

मग खिशातून पुडी काढली. पट्टा अडकवायची दोन बटणं असतात, त्यांच्याबरोबर आलेले स्क्रू त्यांना पसंत नव्हते, मऊ आहेत म्हणत होते. आपल्या दुकानातले दोन स्टेनलेसचे आणले होते. प्रज्ञेश पुढे झाला तर म्हणाले, तुम्ही ऱ्हावा. आणि आम्हा दोघांदेखत, खिडकी उघडी, समोरच्या गॅलरीत माणसं उभी, त्यांनी ते दोन्ही स्क्रू डाव्या हाताने पिळून बसवले.

बेसच्या मानेला पिवळं फडकं गुंडाळलंय, तेही त्यांनीच. मी म्हटलं, अण्णा हे नको, त्याला बरं वाटणार नाही. म्हणाले, राहू दे, ओळखंल. मी काढणार होते, खरं सांगते, आणि मग काढलं नाही. ते त्यांचं आहे, तुला द्यायचं आहे, मी मधे कोण.

मी त्यांची बाजू घेत नाहीये. घेण्यासारखी ती उरलेलीच नाही, आणि हे आता त्यांनाही माहीत आहे. मला तुमच्या दोघांचाही राग येतो. तुला वाटलं तर बेस परत पाठव, विकून टाक, काहीही कर. फक्त गप्प राहू नकोस. गुरुवार आला की ते इस्त्रीचा शर्ट घालतात आणि जायला कुठे नाही म्हणून खुर्चीत बसून राहतात. मला ते बघवत नाही.

आता फडकं सोड.

ताई

*

शिलाँग
२७ एप्रिल २०२५

ती. अण्णा,

नमस्कार. अक्षर लागणार नाही, ताईकडून वाचून घ्या. ताईला सांगा तिचा नंबर मी अनब्लॉक केलाय आणि वड्यांना मुंग्या लागल्या होत्या. झटकून खाल्ल्या.

राग गेलेला नाही. जाईल असं खोटं लिहीत नाही. घरी कधी येईन तेही आज सांगता येत नाही. दिवाळीत दुकानात उभं राहायला मला जमेल असं वाटत नाही.

बेस आला तेव्हा ताईचं पत्र वाचलं आणि पेटी बंद केली. बरेच दिवस ती पलंगाखाली होती. आमचा ड्रमवाला म्हणाला, लेफ्टी आहे, तुला काय उपयोग, विकून टाकू. मी हो म्हटलं. विकायच्या आधी पुसावा म्हणून बाहेर काढला आणि फडकं हातात आलं. ते ओळखलं. वासावरूनच ओळखलं, अजून तेलाचा आणि खिळ्यांचा वास येतो त्याला.

मग धरून बघितला, डाव्या हाताने. काहीही येत नाही, अण्णा. इतकी वर्षं जे वाजवतोय त्यातलं काहीच नाही. बोटं कुठे पडतात कळत नाही, नवशिक्यासारखा आवाज निघतो. पण खांद्यात एक कळ असते माझ्या, वाजवताना कायम असते. मला वाटायचं सगळ्यांनाच असते. ती नव्हती. वाजत नाही, पण अंगाला बसतो.

विकला नाही. रोज सकाळी थोडा घेऊन बसतो. कार्यक्रमात उजवाच वाजवतो आणि वाजवणार, पोट त्यावर आहे. हा माझ्यापुरता आहे. खुंट्या चांगल्या फिरतात, सूर उतरत नाही. स्क्रू आपल्या दुकानातले आहेत हे बघताक्षणी कळलं. इथे पावसाने सगळ्यांचं हार्डवेअर गंजतं, याला अजून डाग नाही. फडक्याने रोज तारा पुसतो, हाताला घाम येतो ना.

तुम्ही जिंकलात असं म्हणालात म्हणे. हे पान बघा आणि पुन्हा सांगा. हे सगळं मी डाव्या हाताने लिहिलंय. अख्खी दुपार गेली, हात भरून आला, तरी बदलला नाही. उत्तर पाठवायचं असेल तर ताईला सांगू नका. स्वतः लिहा, आणि त्याच हाताने लिहा. माझ्याइतकंच वाकडं येईल. मला वाचता येईल.

तुमचा,
डावखुरा,
इंद्रजीत